चोळू नका, टिपा



दोन रविवारांपूर्वी मिस्साच्या आधी वेदी मांडताना एका वेदीसेवक मुलाच्या हातून द्राक्षारसाची कुपी कलंडली. वेदीवस्त्रावर, हाताने भरलेल्या लाल क्रुसाशेजारी, रुपयाएवढा डाग पडला. मी त्याला सर्वांदेखत रागावलो. मिस्सानंतर गरम पाणी व साबण घेऊन डाग चोळू लागलो. डाग निळसर होऊन पसरला आणि क्रुसाच्या दोऱ्याचाही रंग सुटला.

ज्या मावशींनी ते वस्त्र भरले होते त्या म्हणाल्या, "फादर, चोळू नका. डाग टिपायचा असतो."

मग त्यांनी मला शिकवले. ताजा डाग कोरड्या पांढऱ्या फडक्याने टिपावा. नंतर थंड पाणी लावून कडेकडून मध्याकडे यावे. त्याआधी उलट बाजूला ओले फडके दाबून दोऱ्याचा रंग पक्का आहे का, ते पाहावे. भरताना सुई टोचून रक्त लागले, तरी थंड पाणीच; गरम पाण्याने ते धरून बसते. मेण घट्ट झाल्यावर अलगद खरवडावे, मग वर-खाली शोषक कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. ब्लीचिंग पावडर नको. डाग जाईल, पण कापड विरेल.

प्रभूचे पवित्र रक्त सांडले तरी रोमन मिस्साग्रंथाची सूचना क्र. २८० एवढेच सांगते की, ती जागा पाण्याने धुवावी व ते पाणी पवित्र कुंडात ओतावे. ओरडण्याची सूचना तिथे नाही!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना वस्तू आणि तिला चिकटलेला गुण यांतला भेद मी पाठ केला होता. डाग म्हणजे कापड नव्हे. चूक म्हणजे माणूस नव्हे. चुकलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा, असे संत पौल गलतीकरांना सांगतो (६:१). कुर्डुवाडीसारख्या लहान गावात चारचौघांत बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत स्टेशनावर पोहोचतो. आपण किती जणांना असे चोळून विरवले असेल?

तो मुलगा त्या दिवसापासून वेदीवर आलेला नाही. त्याचा डाग लहान होता, माझा मोठा आहे. आणि डाग जुना झाला की निघणे कठीण. म्हणून आज संध्याकाळी मी त्याच्या घरी क्षमा मागायला जात आहे. तुम्हालाही कुणाचे दार आठवत असेल, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू