विहिरीचे ऋण

वैभववाडीच्या परिसरातील जांभ्या दगडाच्या विहिरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की पहिल्या मोठ्या पावसानंतर त्यांचे पाणी किती लवकर चढते. जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी अडवीत नाही, पुढे सोडतो. म्हणूनच जाणती माणसे विहिरीच्या काठावर धुणे धुऊ देत नसत. जमिनीवर जे सांडले, ते उद्या कुणाच्या तरी कळशीत उतरणार, ही जाणीव त्या शिस्तीमागे होती.

भोपाळचे नाव घेतले की आपल्याला २ व ३ डिसेंबर १९८४ मधली ती रात्र आठवते. परंतु विषवायू वाऱ्यावर विरला, तरी जमिनीत गेलेले विष तेथेच राहिले. १९६९ साली सुरू झालेल्या त्या कीटकनाशकांच्या कारखान्याने आपला गाळ व सांडपाणी आवारात आणि १९७७ पासून जवळच्या तळ्यांत साठविले. त्या तळ्यांना गळती लागल्याच्या नोंदी दुर्घटनेपूर्वीच्या आहेत. पुढे नागपूरच्या ‘नीरी’सह अनेक संस्थांनी तेथील माती व पाणी तपासले. निष्कर्षांत मतभेद झाले: कुणाला प्रदूषण दूरवर पसरलेले दिसले, कुणाला ते मर्यादित वाटले. २०१० साली दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन असा सांगण्यात आला. आवारात साठविलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेऊन पुढे जाळण्यात आला. ती माती मात्र मागेच राहिली.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. तज्ज्ञांचे एकमत होईपर्यंत त्या वस्तीतील आईने लेकराला कोणते पाणी पाजावे?

पुराव्यावाचून कुणाला दोषी ठरवू नये, हे न्यायाचे तत्त्व योग्यच आहे. परंतु दोष ठरविणे आणि तहान भागविणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. पहिल्यासाठी खात्री हवी. दुसऱ्यासाठी रास्त शंकाही पुरेशी आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरविण्याचा आदेश दिला, त्याचे मोल यातच आहे. शंकेचा भार नेहमी पिणाऱ्याच्या माथी मारणे, हा अन्यायच होय.

मग जबाबदार कोण? कंपनीची मालकी बदलली, जमीन १९९८ साली राज्य शासनाकडे परत गेली, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवीत राहिला. निर्गमाच्या ग्रंथातील नियम याबाबत सुस्पष्ट आहे: ज्याने खड्डा उघडा ठेवला, त्याने त्यात पडलेल्या बैलाची भरपाई करावी. खड्डा विकला म्हणून तो बुजत नाही. ज्याने तो खणला तो उत्तरदायी आहेच. पण ज्याच्या ताब्यात तो आज उघडा आहे, त्यालाही हात झटकता येणार नाहीत.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पिण्यायोग्य पाणी हा मूलभूत मानवी हक्क मानला. हक्क म्हटला की कुणाचे तरी कर्तव्य आले, आणि ते आपल्या उंबरठ्यापाशीही येते. आंबा-काजूवर फवारणी झाल्यावर औषधाची रिकामी बाटली आपण कोणत्या वहाळात भिरकावतो?

पलिष्ट्यांनी मातीने बुजविलेल्या अब्राहामाच्या विहिरी इसहाकाने पुन्हा उपसल्या. वडिलांकडून त्याला विहिरी मिळाल्या होत्या. आपली मुले आपल्याकडून काय उपसणार आहेत?