पश्चिमेची भिंत

माझ्या आतेबहिणीला नागपूरच्या धरमपेठेत घर हवं होतं आणि तिच्या नवऱ्याला नुसतं घर हवं होतं. सगळा घोळ त्या एका शब्दाचा.

तिचं बालपण लक्ष्मीभुवन चौकामागच्या एका गल्लीत गेलं. भावांनी बंगला 'बिल्डरला दिला', त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिथं चार मजल्यांची स्कीम उभी आहे. (आम्ही नागपूरकर फ्लॅटच्या इमारतीला सरळ 'स्कीम'च म्हणतो. शब्द प्रामाणिक आहे.) नवरा बँकेतला. त्याचं म्हणणं, तेवढ्याच पैशांत शहराच्या दक्षिण कडेला, बेसा-बेलतरोडीकडे तीन बेडरूमचा नवाकोरा फ्लॅट येतो, लिफ्ट आणि महारेराचा नोंदणी क्रमांक असलेला. धरमपेठेत त्या पैशांत मिळणार पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे दोन बेडरूम, तेही सुपर बिल्टअपच्या मापानं, म्हणजे जिन्याचा तुकडासुद्धा आपल्याच माथी. शिवाय या भागातल्या कितीतरी भूखंडांची जमीन लीजवरची, कुठं नझुलाची, म्हणजे सरकारची, तर कुठं १९३६ साली स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाची. आखीव पत्रिका, म्हणजे मिळकतीचा उतारा, काढली की 'आपलं घर' या शब्दातलं 'आपलं' किती वर्षांचं आहे ते कळतं.

घरातल्या सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता: ती भावनिक, तो व्यवहारी. मीही तेच धरून चाललो होतो. पुढं तीन महिने त्यांच्याबरोबर घरं पाहत हिंडलो आणि माझं मत फिरलं.

त्याच्या व्यवहाराची गोष्ट आधी. त्यानं लॅपटॉपवर तक्ता केला होता: भाव, कार्पेट एरिया, पार्किंग, मेट्रो, बाजार, शाळा, प्रत्येकाला गुण आणि वजन. बेरीज झाली तेव्हा धरमपेठ पुढं निघालं. त्यानं क्षणभर स्क्रीनकडे पाहिलं आणि पार्किंगचं वजन १० वरून १५ केलं. आता बेसा जिंकलं. मी हसलो, तसा तो ओशाळला. त्याच्या दोन सहकाऱ्यांनी तिकडं घरं घेतली होती आणि 'पुढं भाव दुप्पट होणार' हे वाक्य त्याच्या मनात घर करून बसलं होतं. फ्लॅट पूर्वमुखीच हवा, हा त्याचा आणखी एक 'व्यवहारी' हट्ट. म्हणजे इच्छा आधीच ठरलेली होती, तक्त्यानं फक्त तिला शर्ट-पँट घातली.

आणि तिची भावना? 'इथं बरं वाटतं' या तिच्या वाक्याखाली किती माहिती दडली होती ते मला हळूहळू दिसलं. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांना गोकुळपेठ बाजारात पायी जाऊन स्वतःच्या हातानं भाजी निवडता येणं म्हणजे काय, हे तक्त्यात कुठल्या रकान्यात मांडणार? रात्री कुणाचा दरवाजा ठोठावता येईल, याची यादी तिच्या डोक्यात तयार होती. तिचं सगळं आयुष्य त्या 'बरं वाटण्यात' जमा होतं.

मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दमासिओ यांनी १९९४च्या 'डेकार्ट्स एरर' या पुस्तकात एका रुग्णाची हकिकत दिली आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेला माणूस, बुद्धी शाबूत, पण भावनेची धार गेलेली. पुढच्या भेटीसाठी दोन तारखांतली एक निवडा, एवढंच त्याला सांगितलं. तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूनं आणि विरुद्ध कारणं मांडत बसला. भावना काढून टाकली की शुद्ध व्यवहार उरतो, असं आपण समजतो. उरतो तो हा अर्धा तास.

पण म्हणून भावनेच्या स्वाधीनही होता येत नाही. एका रविवारी आम्ही नागनदीजवळचा तळमजल्याचा फ्लॅट पाहिला. अंगणात तगर होती, तिच्या आईच्या घरी होती तशीच. बाई तगरीपाशीच थांबली. आत दलाल सांगत होता, "ताई, इथनं मार्केट पायी जाता येते, रंगकाम नवं करून राहिले." नवरा मात्र भिंती पाहत होता. हॉलमधले सगळे स्विचबोर्ड त्याच्या डोक्याच्या उंचीवर होते. तेवढी उंची कुणी हौसेनं ठेवत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ला काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत माणसं अंथरुणातून उठली ती पाण्यात. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला सोफे, गाद्या आणि भिजलेल्या धान्याचे ढीग पडले होते. माझ्या बहिणीला हे ठाऊक नव्हतं का? होतं. तिनं तेव्हा दोन घरी पोळ्यांचे डबे पोचवले होते. तगरीसमोर ते आठवलं नाही, एवढंच. विचारल्यावर दलाल म्हणाला, "थोडं आलं होतं पाणी." किती थोडं, ते भिंतीवर लिहिलेलं होतं.

किमतीचंही असंच. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या कानेमन, नेच आणि थेलर यांच्या प्रयोगात ज्यांच्या हाती साधा मग दिला होता ते विकताना जी किंमत मागत, ती घेऊ पाहणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट असे. तोही काही मिनिटांपूर्वी मिळालेला मग! मग जिथं दोन मुलींची लग्नं निघाली त्या फ्लॅटचा मालक बाजारभावानं कसा बोलेल? धरमपेठेतला सौदा म्हणूनच लांबतो. घेणारा चौरस फूट मोजतो आणि विकणारा वर्षं.

माझी खरी तक्रार मात्र वेळेबद्दल आहे. पितृपक्षात कुणी घर बघत नाही. दसऱ्याला इसार द्यायचा, नाहीतर दिवाळी ते संक्रांत हिंडायचं. तेव्हा नागपूर इतकं गोड असतं की कुठलंही घर आवडावं. हवेत गारवा, हातगाड्यांवर संत्री, बाल्कनीत कोवळं ऊन. त्या उन्हाचं मे महिन्यात काय होतं ते शहराला माहीत आहे, मे २०१३मध्ये पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. दार कुठल्या दिशेला, हे सगळे विचारतात. बेडरूमची कुठली भिंत पश्चिमेला आणि कूलर कुठल्या खिडकीत बसेल, हे कुणी विचारत नाही. कूलर बसवायला जागा नसलेलं घर मी तरी नागपुरात घर मानत नाही.

शेवटी दोघांनी धरमपेठेतच दुसऱ्या मजल्यावरचे दोन बेडरूम घेतले. इसार देण्याआधी मे महिन्यातल्या एका दुपारी तीन वाजता मी त्यांना तिथं नेलं आणि दोघांना पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवायला लावला. भिंत तापलेली होती. तरीही घेतलं. आता तिथं वाळ्याचा पडदा आहे, कूलर हॉलच्या खिडकीत आहे आणि सासूबाई सकाळी भाजीला जातात.

या दिवाळीत घर पाहत असाल तर खुशाल पाहा, पण इसार मेपर्यंत थांबवा. आणि तळमजला असेल तर आधी स्विचबोर्ड बघा.