तिथी कोणत्या गावची?

माझा पुतण्या सॅन फ्रान्सिस्कोला स्थायिक झाला त्याला आता बरीच वर्षे लोटली. गेल्या भाद्रपदात त्याचा फोन आला : ‘काका, बाबांची तिथी इकडे सोमवारी धरायची की मंगळवारी?’ समोर पंचांग उघडे होते. पुण्यात तिथी सोमवारी रात्री आठच्या सुमारास लागून मंगळवारी रात्री संपत होती, आणि श्राद्धास अपराह्णकाळी, म्हणजे दिवसाचे पाच भाग केले असता चौथ्या भागी, असणारी तिथी घ्यावी असा शास्त्राचा दंडक असल्यामुळे पुण्यापुरता मंगळवार निर्विवाद होता. त्याचा प्रश्न मात्र मला लगेच सुटेना.

दोन गावांतले अंतर आपण समजतो तितके सरळ नसते. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचा अटलांटिकवरचा मार्ग सोडून पॅसिफिकवरचा धरला, तेव्हा सुमारे १३,९०० किलोमीटरांची वाट १५,३०० किलोमीटरांची झाली, आणि तरीही, पश्चिमेकडून वाहणारे वारे पाठीशी आल्यामुळे, प्रवास घटून साडेचौदा तासांवर आला. रविवारी पहाटे दिल्ली सोडलेल्या त्या विमानापुढे वाटेत सूर्य उगवला, महासागरावर मावळला, आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून ते उतरले तेव्हा तेथे रविवारचीच पहाट होती. एका रविवारी दोन सूर्योदय ज्याच्या वाट्याला येतील, त्याने एकादशी कोणत्या उदयाची धरावी?

वैशेषिकांनी नऊ द्रव्यांत काल आणि दिक् यांची गणना केली, आणि दोन्ही एक, अखंड व सर्वव्यापी मानून त्यांचे दिवस-रात्र, पूर्व-पश्चिम हे भेद उपाधीमुळे, मुख्यतः सूर्याच्या गतीमुळे, भासतात असे सांगितले. मला हे फार मोलाचे वाटते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते; तो क्षण पुण्यात, सॅन फ्रान्सिस्कोत आणि विमानात एकच असतो, आणि त्यावर कोणत्याही सरकारचा अंमल नाही. तारखेवर तो आहे : सामोआने २०११ साली ३० डिसेंबर ही तारीखच आपल्या दप्तरातून खारीज केली, तेव्हा चंद्र आपल्या वाटेने चालतच होता.

अपराह्ण मात्र ज्याच्या त्याच्या माथ्यावरच्या सूर्याचा. पुण्यात सोमवारी रात्री आठला लागलेली तिथी पुतण्याच्या गावी त्याच सोमवारी सकाळी साडेसातला लागली आणि मंगळवारी सकाळी संपली. अशा वेळी पुष्कळ जण भारतातली तारीख हीच खरी मानून चालतात. त्यांची ओढ मला कळते, पण मान्य होत नाही. संकल्पात कर्ता काळाबरोबर देशाचाही उच्चार करतो. हाती दर्भ आणि तीळ घेऊन, ज्या भूमीवर आपण उभे आहोत तिचे नाव घेऊन, पितरांना बोलावणाऱ्याने ते कर्म दुसऱ्या गावच्या सूर्यावर सोपवावे, हे त्या उच्चारालाच खोटे पाडणे होय.

पुतण्याला मी सोमवार कळवला. दुपार कलल्यावर त्याने पान वाढले तेव्हा पुण्यात मंगळवार अजून उजाडायचा होता, आणि तिथी दोन्ही गावी तीच होती.