हेडसेट, सुई आणि चौथं शील



नेपरव्हिलमध्ये एका घराच्या बेसमेंटमध्ये रविवारची वंदना झाल्यावर चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलेला प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे. त्यांच्या ओळखीच्या घरातला मुलगा ल्युकेमियातून बरा होतो आहे. छातीतल्या पोर्टमध्ये सुई टोचण्याआधी त्याच्या डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवतात. "आपण मुलांना आनापान शिकवतो, वेदनेकडे पाहा म्हणतो. मग हे पळायला शिकवणं नाही का?"

मी "पळणं कसलं, औषधच ते" असं म्हणून विषय संपवला. उत्तर घाईचं होतं.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियाचे उपचार दोन वर्षांहून अधिक चालतात. तपासणीत रोग दिसेनासा होतो, केस परत येतात, तरी सुया सुरूच राहतात. वेदनेवर व्हीआर वापरण्याची कल्पना जुनी आहे. १९९६ साली वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी हे काम सुरू केलं. त्यांच्या 'स्नोवर्ल्ड' खेळात रुग्ण बर्फाच्या दरीतून तरंगत जातो, हिममानवांवर गोळे फेकतो आणि इकडे त्याच्या जखमेवर उपचार होतात. वेदना जाणवायलाही लक्ष लागतं, आणि लक्ष मर्यादित असतं. २००४ च्या त्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये वेदनेशी संबंधित भागांतली हालचाल कमी झालेली दिसली. म्हणजे हे नुसतं मनाचं समाधान नाही. (केमोने मळमळणाऱ्या मुलाला गरगरणारा खेळ मात्र देऊ नये, संथच बरा.)

आता धम्माचं. वेदनानुपस्सना स्वतःहून पत्करायची असते. सुई समोर असताना सात वर्षांच्या मुलावर ती लादणं म्हणजे आपली श्रद्धा त्याच्या अंगावर तपासून पाहणं. मज्झिम निकायातल्या वितक्कसण्ठान सुत्तात तथागतांनी अकुशल विचारांवर पाच उपाय सांगितले. त्यांतला एक म्हणजे लक्ष काढून घेणं, नको ते दिसलं की माणूस मान वळवतो तसं. ते विचारांबद्दल आहे, सुईबद्दल नाही, हे मान्य. पण मान वळवणं म्हणजे दर वेळी पळणं नव्हे, एवढं त्यातून कळतं.

मला काळजी आहे ती आपल्या पळण्याची. माझ्या पुतण्याच्या वेळी, मुंबईत, हेडसेट नव्हता. मी होतो. "काही दुखणार नाही" म्हणत मी त्याला खिडकीतलं कबूतर दाखवलं आणि तेवढ्यात सुई गेली. तो रडला नाही. पुढच्या वेळी मी "ते बघ" म्हणालो, तेव्हा त्याने खिडकीकडे पाहिलंच नाही. माझ्या हातांकडे पाहत राहिला. आणि मी रोज 'मुसावादा वेरमणी' म्हणणारा!

हेडसेटने हीच फसवणूक जास्त सफाईने करता येते. म्हणून तुमच्या घरी ही वेळ आली तर तो चढवण्याआधी मुलाला खरं सांगा: सुई येणार आहे, थोडं दुखेल, तुला खेळ हवा की बघायचं आहे? ते त्याला ठरवू द्या. आणि एकदा तो बर्फाच्या दरीत गेला की त्याला आपण दिसत नाही. तेव्हा आपण कुठे असतो? बहुतेक फोनवर. त्याचा हात धरायला तर दोन्ही डोळे मोकळे लागत नाहीत.

खेळ संपल्यावर तो विचारेल, मलाच का? गावाकडून एखाद्या फोनवर गेल्या जन्मीचं कर्म निघेलच. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ती कल्पना नाकारली आहे. मुलाला एवढंच सांगा की हे तुझ्या चुकीने झालेलं नाही.

परवा त्या ताईंचा निरोप आला. मुलाला विचारलं तेव्हा त्याने हेडसेटच मागितला. फक्त सुई जाताना कुणीतरी मोठ्याने तीनपर्यंत मोजा, म्हणाला.