पाटीच्या पाठीमागे

हात आधी खिशातच राहू द्या. समोरच्या भिंतीवर एक पाटी आहे. ॲक्रिलिकची, हातभर रुंद, कुणा वकिलांची किंवा डॉक्टरांची. ते जागा सोडून गेले, पाटी राहिली. स्क्रू कुठेच दिसत नाहीत, म्हणजे ती चिकटवलेली आहे. काढायची घाई नको. अक्षरंही वाचू नका, ती हजारो लोकांनी वाचून झाली आहेत. गाल भिंतीजवळ न्या, एक डोळा मिटा आणि पाटी व भिंत यांच्यामधली फट बघा. मिलिमीटरभराची असेल. तिच्यात कुठे करड्या फोमची पट्टी दिसते, कुठे नुसता काळोख, कुठे सिलिकॉनचा दुधी गोळा. आजचं सगळं काम या फटीत आहे.

आता मनातल्या मनात पाटी ओढून पाहा. कोपऱ्यात बोटं खुपसली, जोर लावला. काय सुटेल? बाहेरून आत जात एकेक थर मोजा : पाटी, टेप, रंग, पुट्टी, प्लास्टर, वीट. प्रत्येकाने शेजारच्याला धरलंय, पण सगळ्यांची पकड सारखी नाही. ओढलं की सर्वांत कच्चा जोड आधी जातो. चांगल्या फोम टेपने रंगाला जितकं घट्ट धरलेलं असतं, तितकं त्या रंगाने पुट्टीला बहुधा धरलेलं नसतं. म्हणून पाटी हातात येते ती पाठीवर भिंतीचा पापुद्रा घेऊन. जोर तुमचा, पण कुठे सुटायचं ते भिंतीने ठरवलं. मधून दोरा घालून कापणारा मात्र ती जागा स्वतः निवडतो. इथे जरा रेंगाळा. पुढे हात शिवशिवतील तेव्हा हेच आठवायचं आहे.

फोम टेपचा स्वभावही समजून घ्या. थ्रीएम कंपनीने 1980 मध्ये ॲक्रिलिक फोमची अशी टेप बाजारात आणली आणि स्क्रूशिवाय पाट्या लावण्याचं काम सोपं झालं. ही टेप लावल्याबरोबर पूर्ण धरत नाही. साधारण खोलीच्या तापमानाला वीसेक मिनिटांत निम्मी पकड येते, पूर्ण यायला 72 तास लागतात. तिला हिसका दिला तर ती घट्ट होऊन उलट उभी राहते. हळू, सतत ताण दिला तर तीच टेप ताणत जाते, सैलावते. ऊब मिळाली की आणखी मऊ होते. म्हणजे तिच्याशी झटापट करणारा हरतो, आणि जो दमादमाने घेतो त्याला ती वाट देते. सिलिकॉनला यातलं काहीच लागू नाही. केस वाळवायच्या ड्रायरने तो मऊ होणार नाही, त्याला कापावंच लागतं.

ड्रायर पाटीवरून फिरवत राहा, एका जागी धरू नका. मधेमधे तळहात टेकवा. हाताला जेमतेम सोसेल एवढी ऊब पुरे. शंभर अंशांच्या आसपास ॲक्रिलिकच वाकायला लागतं. पाटीच्या आत दिवे असतील तर या सगळ्याच्या आधी मेन स्विच बंद, आणि वायर कुठून येते ते बघून घ्या.

आता हत्यार. दुकानात जायची गरज नाही. गिटारची सर्वांत बारीक तार चालते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, पोलादी. कोकणात घरोघरी सापडणारी गळाची तंगूसही चालते. पतंगाच्या नायलॉन मांजाचा मोह होईल. त्यावर 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली आहे, आणि जो पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापतो तो तुमची बोटं सोडेल असं समजायचं कारण नाही. तारेची दोन्ही टोकं लाकडाच्या दोन तुकड्यांना गुंडाळा. उघडी तार तळव्यात कधीच धरू नका.

पाटीखाली मास्किंग टेपचे दोन आडवे पट्टे लावून ठेवा, सुटली तर पायावर पडायला नको. मग तार वरच्या फटीत सरकवा. कुंभार चाकावरून ओलं मडकं दोऱ्याने सोडवतो, तसंच हे काम. पण तिथे एक ओढ पुरते, इथे करवतीसारखं मागेपुढे करावं लागतं. डावा हात येतो, उजवा जातो. लांब, सावकाश फेरे घ्या. आखूड आणि भराभर घेतलेत तर तंगूस एकाच जागी तापते, वितळते आणि तुटते. दोन्ही हात भिंतीपासून किंचित आपल्याकडे ठेवा, म्हणजे तार पाटीच्या पाठीला चिकटून चालेल आणि रंग वाचेल. आवाज ऐका. फोममध्ये जवळजवळ येतच नाही. सिलिकॉन लागला की तार किरकिरते आणि हाताला जड लागते. वाचणाऱ्याला जी बाजू कधी दिसली नाही तिचा नकाशा असा हातांना कळत जातो : इथे पट्टी उभी लावली आहे, इथे आडवी, इथे लावणाऱ्याला धीर नव्हता म्हणून ट्यूब पिळून ठेवली आहे.

निम्म्याहून जास्त कापून झालं की पाटी हलू लागते. आता हात शिवशिवतात. एक हिसका, की झालं! भिंतीचे बहुतेक खड्डे नेमके या क्षणी पडतात, सुरुवातीला नव्हे. श्वास सोडा. तार जिथे आहे तिथेच राहू द्या, पुन्हा थोडी ऊब द्या, पुन्हा फेरे धरा. शेवटच्या बोटभर फोमला पहिल्याइतकाच वेळ लागतो. तो द्या.

पाटी उतरली की भिंतीवर फोमचे उंचवटे उरतात. नखाने कुरतडू नका. अंगठ्याने एकाच दिशेने चोळत जा, वळकट्या होऊन निघतात. खोबरेल तेलाचा उपाय जो तो सांगतो. काचेवर, टाइलवर तो उत्तम आहे, पण डिस्टेंपरवर तेलकट डाग पडतो आणि नंतर रंग बसत नाही. सिलिकॉनवरही रंग धरत नाही, म्हणून तो ब्लेड भिंतीला जवळजवळ सपाट धरून पूर्ण तासावा लागतो. नवी, मोठी पाटी इथेच येणार असेल तर जुन्या रंगाचा चौकोन आपोआप झाकला जाईल. त्याची काळजी सोडा. उंचवटे मात्र काढाच, नाहीतर नवी पाटी भिंतीला नीट टेकणार नाही आणि कोपऱ्यातून उचलू लागेल.