कितवं घर?

“रेट खाली आलेत, आता घ्यायलाच पाहिजे.” आमच्या बेळगावात हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, बसदीच्या पायऱ्यांवरही येतं. राहण्यासाठी घेतलेल्या घराबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. प्रश्न आहे तो ‘पडून राहू दे, वाढेल’ म्हणून घेतलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या घराचा.

मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवर आणला. कर्ज स्वस्त झालं आणि ज्यांना गरज नव्हती त्यांनाही घर घ्यावंसं वाटू लागलं. पुढं फेब्रुवारी २०२३ पर्यंत तोच दर साडेसहावर गेला. तीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी घेतलं तर हप्ता महिना सुमारे २२,४०० रुपये. नऊ टक्क्यांनी २७,०००. पुष्कळ ठिकाणी बँकेनं हप्ता तोच ठेवून वर्षं वाढवली, त्यामुळं घरच्या बाईला फरक कळलाच नाही.

हा झाला हिशोब. मला टोचते ती दुसरी बाजू. ज्या दिवसांत एकाला घर ‘स्वस्त’ मिळालं, त्याच दिवसांत दुसऱ्याचं दुकान बंद पडलं होतं. दवाखान्याच्या बिलासाठी कुणी प्लॉट काढतो, तेव्हा घेणारा म्हणतो, “काका, आठवड्यात सगळे पैसे देतो, पण पाच लाख कमी करा.” कायद्यानं यात काही गैर नाही. उलट, घेणाराच मिळाला नाही तर काकांनी काय करायचं? म्हणून घेणं वाईट, असं मी म्हणणार नाही. पण काकांना घाई नसती तर हाच माणूस किती द्यायला तयार झाला असता? मधले पाच लाख जमिनीचे नाहीतच, ते काकांच्या आजारपणाचे आहेत. ते घेताना व्यापारातली हुशारी म्हणून मिरवणं मला तरी पटत नाही.

“मग पैसे बँकेत ठेवून महागाईला खाऊ द्यायचे का, वहिनी?” असं मला विचारतात. रास्त आहे. मुलीच्या शिक्षणासाठी एखादा प्लॉट धरून ठेवणं म्हणजे हावरटपणा नव्हे. पण २०११ च्या जनगणनेत शहरांतली सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी निघाली. ती सगळी काही मुलींच्या शिक्षणासाठी राखलेली नसणार.

बाजार ‘केव्हा घ्यावं’ ते सांगतो. ‘किती’ हे तो कधीच सांगत नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहपरिमाणाचे अतिचार सांगताना क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत आणि घर, सगळ्यांत आधी येतात, सोन्या-चांदीच्याही आधी. श्रावकानं घर घेऊ नये असं तिथं नाही. मर्यादा ठरवावी आणि पाळावी, एवढंच. ती भाव पडायच्या आधी ठरलेली बरी, कारण भाव पडल्यावर प्रत्येकाला अजून एकाची गरज भासते.

आणि पळवाटा पूर्वीच्यांनाही ठाऊक होत्या. दोन घरांमधली भिंत पाडून ‘एकच घर आहे’ म्हणणं हाही अतिचारच, असं हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात येतं. आता भिंत पाडायचे कष्ट नाहीत. दुसरा फ्लॅट बायकोच्या नावावर, तिसरा सुनेच्या. आपल्याला नोंदणीच्या दिवशी “आधार कार्ड घे गं” म्हणून गाडीत बसवतात. बसण्याआधी एवढं विचारायला काय हरकत आहे, की हे कितवं, आणि विकणारा का विकतोय?