न जळलेला कोळसा

जेम्स वॉटची किटली आपण सर्वांनी लहानपणीच पाहिली आहे. वाफेने झाकण हलले, मुलाने ते पाहिले आणि इंजिन जन्माला आले! ही आख्यायिका आहे हे ठाऊक असूनही मला ती आवडते. खटकते ते एवढेच, की त्या चुलीपाशी मॅथ्यू बोल्टनला कुणी पाट मांडत नाही.

ग्लासगो विद्यापीठातल्या न्यूकोमेन इंजिनाचा नमुना दुरुस्त करताना वॉटला दिसले, की एकच सिलिंडर पुन्हा पुन्हा तापवण्यात आणि निववण्यात बराचसा कोळसा फुकट जातो. वाफ वेगळ्या भांड्यात निववण्याची युक्ती त्याला १७६५ साली सुचली. इंजिने कामाला लागायला मात्र १७७६ उजाडले. पहिला भागीदार रोबक कर्जात बुडाला, आणि त्याचा दोन तृतीयांश हिस्सा देण्यापोटी बर्मिंगहॅमच्या बोल्टनकडे आला. १७७५ मध्ये भागीदारी ठरली. वॉट मुलखाचा चिंतातुर, घासाघिशीला भिणारा. बोल्टनने भांडवल दिले, सोहोचे कसबी कारागीर दिले. आणि गिरण्यांची चाके फिरवणारे इंजिन कर, म्हणून तगादाही लावला.

त्यांचा व्यवहार मोठा मौजेचा होता. जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश त्यांना द्यायचा. कॉर्नवॉलच्या खाणमालकांना हे देणे पुढे जड वाटू लागले. जळलेल्या कोळशाचे पैसे माणूस मुकाट्याने देतो; न जळलेल्याचे देताना त्याचा हात आखडतो.

मला वाटते, बोल्टनच्या श्रेयाचेही असेच आहे. कल्पकाने केलेले डोळ्यांना दिसते. पाठीराख्याने जे वाया जाऊ दिले नाही, ते दिसणार कसे? आपल्या घराघरांतही असा एखादा बोल्टन असतो. कुणाचे शिक्षण सुटले नाही, कुणाचे दुकान मोडले नाही. कारण कुणीतरी मागे उभे होते. न घडलेल्या नुकसानीची नोंद कोणत्या वहीत करायची?

याला दुसरी बाजूही आहे. पार्लमेंटने १८०० पर्यंत वाढवून दिलेल्या पेटंटाच्या जोरावर याच जोडीने जोनाथन हॉर्नब्लोअरसारख्या दुसऱ्या कल्पकाची वाट अडवली. त्याच्या बाबतीत जे वाया गेले, त्याचाही हिशेब कुणी ठेवला नाही. आपल्या माणसावरचा विश्वास परक्याच्या दारावरचे कुलूप होऊ नये, एवढे भान भल्या भागीदारीलाही हवे.

बोल्टन १८०९ मध्ये गेला, वॉट १८१९ मध्ये. दोघेही हँड्सवर्थच्या एकाच चर्चमध्ये विसावले आहेत. शक्तीच्या एककाला नाव मिळाले ते वॉटचे, आणि ते योग्यच झाले. पण या दिवाळीत विजेची माळ लावताना दिव्यावरचा ‘वॉट’ वाचाल, तेव्हा त्यावर न लिहिलेले नावही क्षणभर आठवा. आणि तसे एखादे नाव आपल्या घरात असेल, तर फराळाचे पहिले ताट त्याच्यापुढे ठेवा.